जाऊबाईंच्या दारावरची फेरी

यातला एक शब्द जरी खरा वाटला तर तुमची कमाल. घ्या, ठेवा बघू विश्वास.

एकदा एक बाई होत्या. वय झालेलं, पण काम काय, तर आभाळात अंतराळयानं पाठवायची. त्यांचा शिष्य शिरीष. हुशार होता, पण उतावळा इतका की चहासुद्धा फुंकर न घालता प्यायचा.

दोघांनी मिळून एका लांबच्या चंद्राकडे यान धाडलं होतं. आपल्या चांदोबासारखा बोडका नव्हे तो. अंगभर हवेची जाड गोधडी. यानानं उतरायचं नव्हतं, नुसतं भोवती फिरत बघायचं होतं. वर्षानुवर्षं जाऊन ते पोचलं आणि लांबलचक फेऱ्या घालू लागलं. आता जवळची फेरी धरायची तर वेग कमी करायला हवा, आणि इंधन तर संपत आलेलं. उरली त्या चंद्राची हवा. हवेत शिरलं की यान घासून मंदावतं. फार शिरलं की जळून खाक.

"बाई, एकदाच खोल घुसवू," शिरीष म्हणाला. "उद्या यानाला निरोप पाठवतो. हिशेब केलाय."

"कुठल्या हवेचा रे? तिथली हवा अजून पाहिलीय कुणी? निरोप एकदा गेला की परत बोलावता येत नाही, बाबा. चल, आधी माझ्या जाऊबाईंकडे जाऊन येऊ."

या थोरल्या जाऊबाई रुसल्या होत्या. उन्हाळ्यात त्यांच्याकडे पापड लाटायला सगळी गल्ली पोळपाट घेऊन हजर, आणि घरची जाऊच यानापाशी बसलेली. तेव्हापासून अबोला. तोंड उघडायचं ते टोमण्यापुरतं.

दोघं दारात पोचली तशा जाऊबाई म्हणाल्या, "आलात? चंद्रावर पापड लाटून झाले वाटतं."

"झाले, पण करपले," बाई म्हणाल्या, आणि उंबऱ्यावरूनच मागे फिरल्या.

शिरीष मागून धावला. "अहो बाई, आत जाऊन पाय धरले असते तर आजच मिटलं असतं."

"आत गेले असते तर तिनं माझं लग्नापासूनचं सगळं काढलं असतं. मी तरी कुठली गप्प बसणारी? दोघींचं कायमचं जळलं असतं. म्हणून रोज येते, एक टोमणा खाते, जाते. तेवढीच माझी मिजास घासली जाते, आणि आज तिचा पारा केवढा तेही कळतं. आधी गल्लीच्या तोंडाशी उभी राहायचे, आता उंबऱ्याशी आलेय. जी हवा जाळते ना शिरीष, तीच थांबवतेही. तिला काठानं शिवायचं, आणि परत यायचं."

"पण बाई, असे महिने जातील."

"जाऊ देत की. चंद्र कुठं पळून चाललाय?"

दुसऱ्या दिवशी शिरीषनं निरोप पाठवला: नुसतं काठाला शिव.

यान शिवलं, थरथरलं, बाहेर आलं. आणि कळलं काय, तर तिथली हवा हिशेबापेक्षा कितीतरी दाट. खोल घुसलं असतं तर राखही हाती लागली नसती. मग शिरीष फेरीफेरीनं, दर वेळी थोडंसंच शिवत, यानाला जवळ आणत गेला.

यानानं जवळची फेरी धरली त्या दिवशी तो बाईंना सांगायला धावत सुटला. बाई सापडल्या जाऊबाईंच्या घरात. आमटीत गूळ किती घालायचा यावर आत दोघींचं जोरात जुंपलं होतं. शिरीष हाक मारणार होता, पण थांबला. चपला न काढता हळूच बाहेरच्या पायरीवर बसून राहिला. बातमी काही शिळी होत नव्हती.

तुमच्यावरही रुसलेलं असेल की कुणीतरी. माझ्या तोंडाकडे काय बघताय? निघा आता.