रिकाम्या दाव्याचा मान

पूर्व विदर्भातल्या तलावांच्या मुलखात हिरडबांध नावाचे गाव आहे. तिथला पोळा बघायला लांबून लोक येतात. धानाची रोवणी आटोपलेली असते, तलाव काठोकाठ भरलेला असतो आणि डफड्याच्या तालावर, झुली पांघरलेल्या बैलांची रांग तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, गावात शिरते. नवखा माणूस मात्र या मिरवणुकीतल्या पहिल्याच असामीला बघून हसतो. सगळ्यांच्या पुढे पाटलांच्या घरचा माणूस अनवाणी चालतो, हातात दावे धरून, आणि दाव्याला बैलच नसतो. हसून झाले की पाहुणे दुधराम पाटलांना कारण विचारतात, कारण ते दावे सध्या त्यांच्याच हाती असते. दुधरामजी सत्तरी ओलांडलेले. गोष्ट घरच्याच लाजेची, पण झाकून सांगणे त्यांच्या स्वभावात नाही.

असे सांगतात की, त्यांचा मूळपुरुष फागूजी या माळावर आला तेव्हा इथे कुसळांशिवाय काही उगवत नव्हते. त्याने गाव जमवले आणि बांध घालायला घेतला. तीन उन्हाळे माती ओढली गेली. बाकीचे बैल बसत, दावे तोडून पळत. फागूजीचा बांड्या तेवढा कधी बसला नाही. गाडीच्या चाकात त्याचे अर्धे शेपूट गेले आणि खांद्यावर जुवाने वाटीएवढा घट्टा पडला, तिथे पुन्हा केस आले नाहीत. चौथ्या पावसाळ्यात तलाव भरला, धान पिकले, आणि फागूजीचा फागू पाटील झाला. पुढची कितीतरी वर्षे पोळ्याला सर्वांत पुढे बांड्याच चाले.

गरज सरो नि वैद्य मरो, असे लोक उगीच म्हणत नाहीत. एका पोळ्याला पाटलाच्या लेकीला बघायला मोठ्या घरचे पाहुणे यायचे ठरले. पाटलाने बाजारातून पांढरीशुभ्र जोडी आणली आणि म्हातारा बांड्या मागच्या गोठ्यात बांधायला सांगितला. त्याची बायको सकवारबाई हिने आदल्या सांजेला रीतीप्रमाणे बांड्याचा खांदा हळद-तुपाने मळला होता आणि ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या’ असे त्याच्या कानात सांगितले होते. ती म्हणाली, “आवतन देल्लेल्याले कोंडून ठेवता?”

“एका सालानं काय होते?” पाटील म्हणाला. तो घट्टा पाहुण्यांनी बघू नये, एवढेच त्याच्या मनात होते.

पण डफडे वाजले आणि बांड्याला दिवस कळला. म्हणे त्याने खुंटा उपटला, दावे फरफटत पाळीवर आला आणि पांढऱ्या जोडीच्या पुढे, आपल्या जागी जाऊन उभा राहिला. मिरवणूक थांबली. पाहुण्यांतल्या थोरल्याने विचारले, “हा कोनाचा बैल जी, पाटील?”

खांद्यावरची हळद अजून ओली दिसत होती. फागू पाटलाचे कान तापले. ‘माझा’ एवढा एक शब्द पुरला असता.

“असन कोनाचा तरी,” तो म्हणाला. “आपला नोहे.”

साऱ्या गावाने ते ऐकले, आणि त्याच तलावाच्या पाण्यावर जेवणारे सारे गाव गप्प बसले. बांड्याने पाटलाचा हात हुंगला, मग तो वळला आणि आल्या वाटेने घरी गेला.

सोयरीक जमली. सांजेला पाटील पुरणपोळीचे ताट घेऊन एकटाच गोठ्यात गेला. बांड्या तोंड फिरवील, शिंग उगारील, असे त्याला वाटत होते. खरे तर त्याला तेच हवे होते. बांड्याने ताट साफ केले आणि रोजच्यासारखा त्याचा तळहात चाटला. तेव्हा पाटील शेणातच बसला आणि पोरासारखा रडला.

पुढल्या पोळ्याला याच व्याह्यांसमोर बांड्याला पुढे चालवीन आणि माझा म्हणून सांगेन, असा त्याने नवस केला. ते वर्षभर तो गावात खाली मान घालून वावरला. पण पोळ्याला पंधरा दिवस उरले असता बांड्या मेला. कबूल करायची वेळ आली तेव्हा ज्याला आपला म्हणायचे तोच राहिला नाही.

तरी पोळ्याच्या दिवशी पाटील निघाला. अनवाणी, हातात बांड्याचे तेच दावे. पोळ्याच्या तोरणाखाली थांबून त्याने ते मुद्दाम बोलावलेल्या व्याह्यांपुढे उचलून धरले. “हा माहा आहे,” तो म्हणाला. “मागच्या साली मी खोटं बोललो.” मग रांगेतून एक म्हातारा खालमानेने म्हणाला, “आमचाई होता.” त्याच्यामागून एकेक करत सारे गाव तेच म्हणाले.

आजही हिरडबांधात तोरणाखाली प्रत्येक जण आपल्या बैलाच्या खांद्यावर हात ठेवून ‘हा माहा आहे’ असे मोठ्याने म्हणतो. बैल लंगडा असो, आंधळा असो, म्हटल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पाटलांच्या घरचा मात्र रिकामे दावे उचलून म्हणतो. बांड्याने क्षमा केली की पाळीच्या मधोमध त्या दाव्याला ताण बसतो, असेही लोक सांगतात.

पाहुणे दुधरामजींना हटकून विचारतात, तुम्हाला कधी बसला का?

“फागूजीले बसला म्हनतात, मरायच्या साली,” दुधरामजी सांगतात. “मले दावं धरून अकरा सालं झाली. अजून नाही.”