गुपचूप चिकटवलेले सात धागे

फार जुनी गोष्ट आहे. नदीकाठच्या एका गावात सगळी घरं विणकरांची होती. घरोघरी माग होते, पण एक काम मात्र कोणालाच एकट्याने जमत नसे. ते म्हणजे पाजणी. लुगड्याचे उभे धागे सकाळच्या कोवळ्या उन्हात गल्लीभर ताणायचे, त्यांना भाताची खळ लावायची आणि केस विंचरावेत तसे लांब कुंच्याने सारखे करायचे. ज्याची पाजणी असेल त्याच्या मदतीला सगळी गल्ली येई.

पाजणीचे दोन नियम होते. बायकामुलींनी बांगड्या काढून ठेवायच्या. आणि ज्याच्या हातून धागा तुटेल त्याने तिथल्या तिथे "तुटला!" असं ओरडायचं. मग सगळे थांबत, धाग्याला गाठ मारत आणि काम पुढे सुरू होई. कोणी रागावत नसे. थट्टा तेवढी होई. "काय गं, लक्ष कुठंय? सासर शोधतेस काय?"

त्या गल्लीत एक लाजरी मुलगी राहत होती. चारचौघांनी आपल्याकडे पाहिलं की तिचे कान तापत. ती फारसं बोलत नसे, खाली मान घालून काम करी. गल्लीतल्या बाया आपापल्या मुलींना सांगत, "बघा, कशी गुपचूप काम करते! नाहीतर तुम्ही. नुसत्या साळुंक्या!" मुलीला तो शब्द फार आवडे. गुपचूप. जणू तिच्याचसाठी कोणी तो घडवला होता.

एका विणकराच्या पाजणीला ती हातातल्या नव्या हिरव्या बांगड्या न काढताच गेली. जत्रेतून आणून एकच दिवस झाला होता. काढवेनात. पोलक्याची बाही खाली ओढली की दिसतही नव्हत्या. पण धाग्यांखालून हात घालताना एका बांगडीची टवका उडालेली कड अडकली. तिने हात मागे घेतला आणि एकाच जागचे सात धागे तटातट तुटले.

ओरडायला तिने तोंड उघडलं. पण ओरडलं की सगळी गल्ली वळून बघणार. बांगड्याही दिसणार. तिने तोंड मिटलं, बोटं खळीत बुडवली आणि तुटलेली टोकं एकमेकांवर पिळून चिकटवून टाकली. उन्हाने खळ वाळली. धागे अखंड दिसू लागले.

आठ दिवसांनी, अर्धं लुगडं विणून झाल्यावर, मागाच्या ओढीने ती टोकं सुटली. लुगड्याला मधोमध चरा पडला. विणकर कपाळाला हात लावून बसला. "एकाच जागी सात धागे! कुंचा आडवा गेला असणार, दुसरं काय?"

कुंचा चालवायची ती म्हातारी आत्या. ती कोणाचीच सख्खी आत्या नव्हती, पण सगळे तिला आत्याच म्हणत. घरी तिचं कोणी नव्हतं. चाळीस वर्षं ती आल्याशिवाय गल्लीत खळ कालवली गेली नव्हती.

विणकर तिच्या दारात जाऊन उभा राहिला. "आत्या, रागावू नका. पण तुमची नजर आता साथ देत नाही. यापुढे पाजणीला येऊ नका. भाकरी घरपोच करू आम्ही."

आत्या भांडली नाही. तिने आपली बोटं डोळ्यांपुढे धरली. "सात तुटले? आणि मला कळलंसुद्धा नाही? मग तुझं बरोबर आहे रे बाबा."

मुलगी समोरच्या ओट्यावर तांदूळ निवडत होती. आत्याने आरडाओरडा केला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण आत्याने ते खरं मानलं.

दुसऱ्या दिवसापासून आत्या सकाळी नदीवर आंघोळीला गेली की मुलगी तिची घागर भरून ठेवू लागली. तेवढ्याने तरी छातीवरचं ओझं हलकं होईल असं तिला वाटलं होतं. तिसऱ्या दिवशी आत्या बायांना कौतुकाने सांगू लागली, "अगं, कोणीतरी गुपचूप माझं पाणी भरून जातं. मी आता कामाची नाही, तरी कोणाला माझी आठवण आहे. देव त्याचं भलं करो."

तो आवडता शब्द ऐकून मुलीची मान खाली गेली. ती वर होईना.

पुढची पाजणी त्याच विणकराची होती. गल्लीभर धागे ताणले गेले. आत्या आपल्या उंबऱ्यावर रिकामे हात मांडीत घेऊन बसली होती. विणकराने कुंचा मुलीच्या हातात दिला. "तू धर, बाळ. तुझ्यासारखं गुपचूप काम कोण करतं?"

कुंच्याचा दांडा आत्याच्या मुठीने झिजून गुळगुळीत झाला होता. मुलीने तो पुढे चालवला नाही.

"काका, ते धागे मी तोडले होते," ती पुटपुटली.

"काय म्हणालीस? मोठ्याने बोल!"

आता तिला ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणावं लागलं. "ते सात धागे माझ्या बांगडीने तुटले. मी ते खळीने चिकटवले. आत्याचा कुंचा आडवा गेला नव्हता."

हातातलं काम थांबवून सगळे तिच्याकडे बघत राहिले. ज्या थट्टेला ती घाबरली होती, ती कोणीच केली नाही. तिच्या आईने तोंड फिरवून घेतलं.

विणकर आत्याकडे गेला. "आत्या, माझं चुकलं. चला." आत्या उठली. तिने मुलीच्या हातातून कुंचा घेतला, तिच्याकडे क्षणभर बघितलं आणि एवढंच म्हणाली, "सांगितलंस, बरं केलंस."

काम सुरू झालं. पण चार पावलं गेली की आत्या थांबे, धाग्यांवरून बोटं फिरवी आणि विचारी, "बघ गं पोरी, नीट आहेत ना?" चाळीस वर्षांत तिने हे कोणालाच विचारलं नव्हतं.

"नीट आहेत, आत्या," मुलगी दर वेळी सांगत होती. गल्लीच्या टोकापर्यंत ती खाली मान घालून तिच्या बाजूने चालत गेली.

यातून घ्यायचं तात्पर्य: काम गुपचूप करावं, मदतही गुपचूप करावी, पण आपली चूक गुपचूप झाकली तर ती दुसऱ्याच्या माथी बसते, आणि मागून खरं सांगितलं तरी त्याचा स्वतःवरचा गेलेला विश्वास परत देता येत नाही.