साहेबांची पाळी

माझी नात नीलांबरी पंधरा वर्षांची असतानाची गोष्ट. पूल नावाचा खेळ ती खेळायची. लांब काठीने पांढरा चेंडू मारून रंगीत चेंडू टेबलाच्या भोकांत घालायचे. मला त्यातलं एवढंच कळतं.

राज्य स्पर्धेला कोणाला पाठवायचं, ते आमच्या क्लबाचे अध्यक्ष इंगवले साहेब ठरवत. निवडीच्या सामन्यांत त्यांनी नीलूला उतरूच दिलं नाही. म्हणाले, "एवढीशी पोर, हरणारच. खेळवायचं कशाला?"

"मग एक डाव तुम्हीच खेळा माझ्याशी," नीलू म्हणाली. "मी जिंकले तर मला पाठवा."

साहेब हसले. काठीला खडू लावत म्हणाले, "चल, पहिला फटका तुझा."

नीलूने फटका मारला, चेंडू भोकात गेला. ज्याचा चेंडू जातो तोच पुढे खेळतो म्हणे. ती टेबलाभोवती फिरत राहिली, साहेब खडू लावत राहिले. शेवटी काळा चेंडूही गेला आणि सगळे एकदम गप्प झाले. मला काही कळेना. पोरीचं चुकलं की काय?

साहेब लालबुंद झाले. "हा कसला डाव? मला खेळूच न देता मी हरलो, हे कसं ठरवता?"

नीलू हळूच म्हणाली, "साहेब, मीही तुम्हाला हेच विचारायला आले होते."

साहेबांनी काठी खाली ठेवली. मग म्हणाले, "घाला हिचं नाव."

नीलू त्या वर्षी राज्यात पहिली आली, पुढे देशात. मी मात्र अजून प्रत्येक सामन्याला शेजारच्याला विचारतो, "आमची नीलू जिंकली का हो?"