जिने आणि ज्याने

खडकाळ माळावरच्या एका गावात गोजरा नावाची विधवा राहत होती. गावाला पाणी नव्हते. तिने आणि तिच्या मुलीने, ठकूने, सात उन्हाळे खपून विहीर खोदली. आठव्या वर्षी पाणी लागले. तेव्हापासून गावात जो तो म्हणू लागला, "जिने तहान ओळखली, तिने झरा शोधला."

एकदा राजा तिथे पाणी प्यायला. लोकांचे ते बोल त्याला फार आवडले. ते संस्कृतात उतरवून विहिरीवर कोरावेत, असे त्याने धुंडिराजशास्त्र्यांना सांगितले.

शास्त्र्यांनी श्लोक रचला. पण 'जिने' या अर्थाचा 'यया' शब्द घातला की वृत्त मोडत होते. 'ज्याने' या अर्थाचा 'येन' चपखल बसत होता. शास्त्र्यांनी 'येन' लिहिले. राजाने वाहवा केली आणि त्यांना राजपंडित नेमले.

श्लोक कोरलेली शिळा विहिरीवर बसली तेव्हा गोजराने विचारले, "शास्त्रीबुवा, काय लिहिलंय हो?"

"जिने तहान ओळखली, तिने झरा शोधला," शास्त्री म्हणाले.

तिने शिळेला हात लावून नमस्कार केला.

पुढे गोजरा वारली. राजाही गेला. दुष्काळ पडला, तेव्हा नव्या राजाने हुकूम काढला की ज्याच्या पूर्वजाने विहीर खोदली, त्याचाच तिच्यावर हक्क. रखमाजी पाटील म्हणाला, "विहीर माझ्या वडिलांनी खोदली." ठकू म्हणाली, "ती माझ्या आईने आणि मी खोदली." जुनी माणसे त्याच्या भीतीने गप्प बसली. राजाच्या कारभाऱ्याने शिळेचा अर्थ सांगायला म्हाताऱ्या शास्त्र्यांना बोलावले.

"ही विहीर बाईने खोदली की पुरुषाने?"

खरे सांगावे, तर साऱ्या राज्यात गाजलेला श्लोक चुकीचा ठरणार होता. शास्त्री म्हणाले, "शिळेवर 'येन' आहे. येन म्हणजे ज्याने."

"शास्त्रीबुवा," ठकू म्हणाली, "माझ्या आईला तुम्ही 'जिने' सांगितलं होतं. मी तिच्या शेजारीच उभी होते."

"मला आठवत नाही," शास्त्री म्हणाले. त्यांनी तिच्याकडे पाहिले नाही.

विहीर पाटलाला मिळाली. त्याने ठकूला काठावर पाऊल ठेवू दिले नाही. महिनाभर तिने दोन कोसांवरून पाणी आणले. मग बिऱ्हाड डोक्यावर घेऊन ती गाव सोडून गेली. कुठे गेली, कोणी विचारले नाही.

अंथरुणाला खिळल्यावर शास्त्र्यांना राहवेना. त्यांनी शिष्यांना जवळ बोलावले. "तो शब्द चुकला आहे. मी जाणूनबुजून चुकवला. पाथरवट बोलवा, 'यया' कोरा. ठकूला शोधून आणा."

शिष्यांनी एकमेकांकडे पाहिले. थोरला शिष्य त्यांच्या अंगावर शाल ओढत म्हणाला, "तापात गुरुजींना भ्रम झालाय. त्यांच्या श्लोकात चूक असेलच कशी?"

शास्त्री गेले. शिळेवर 'येन' तसेच राहिले.

तात्पर्य: विद्वान आपली चूक झाकतो, तेव्हा तिची शिक्षा निरपराध माणूस भोगतो, आणि उशिरा सांगितलेले सत्य कोणाच्याच कामी येत नाही.