तेराचा चौकोन

आकड्यांना अजून कुणी पाटीवर बसवलं नव्हतं, तेव्हा ते एका तळ्याकाठी राहत. प्रत्येकाच्या ओंजळीत त्याच्या नावाइतके ठिपके असत. पंगतीला बसायचं तर ते ठिपके सारख्या ओळींत मांडायचे, आणि एकच ओळ चालायची नाही, अशी तिथली रीत होती.

बारा झटक्यात चार-चारच्या तीन ओळी मांडायचा. तेरा बिचारी कशीही मांडू दे, ओळी सारख्या होतच नसत. "तुझं काही जमत नाही गं," म्हणत बारा तिला पानावरून उठवायचा.

एका धुक्याच्या पहाटे ती तळ्याकाठी गेली. ओल्या वाळूवर तिने आपल्या तेरा ठिपक्यांची ओळ उमटवली, तिच्याखाली आणखी एक, अशा तेरा ओळी. सुरेख चौकोन झाला. तिने सगळे ठिपके मोजून वाळूत लिहिलं, १६९.

तेवढ्यात पलीकडच्या काठावरून आवाज आला, "मलाही पंगतीत घेत नाहीत गं. मीही माझा चौकोन मांडलाय. ९६१ भरले."

तेराने आपले आकडे उलट बाजूने वाचले, तर तेही ९६१. "तू कोण?"

"एकतीस. तुझाच तीन, तुझाच एक."

धुकं विरलं. बारा धावत आला. "अगं, दोघी मिळून चव्वेचाळीस होता! अकरा-अकराच्या चार ओळी. चला पंगतीला!"

"आणि त्यात मी कुठे दिसेन, बारादादा?" तेराने विचारलं.

ती आपलं पान घेऊन तळ्याकाठीच बसली. समोरच्या काठावरही एक पान मांडलेलं होतं.