काढलं ते कुठं ठेवलं?

"माहेर हिच्यातनं निघणार तरी कधी हो?"

सासूबाई माजघरात सासऱ्यांना, आप्पांना, विचारत होत्या. दाराआड कोहळा कडेवर घेऊन उभ्या असलेल्या वैजयंतीनं ते ऐकलं. लग्न नवं होतं. घरातलं निम्मं तिला असं दाराआडूनच कळायचं.

आप्पा उठून अंगणात आले, मागोमाग ती कोहळा घेऊन.

कोहळ्यावर पहिली सुरी बाईनं चालवायची नाही, हा घरचा दंडक. आप्पा जुने सर्जन. शिष्यांचा हात ते कोहळ्यावरच बसवत. शिष्यानं चिरायचा, मग तिनं त्याच्या वड्या थापायच्या. विद्या आणि वड्या, दोन्ही एकाच फळात.

आज शिष्य हेरंब होता. उद्या गोदाक्कांची गर्भपिशवी काढायची होती. त्याच्या हातचं पहिलं ऑपरेशन. आप्पा हो म्हणाले तर.

"उच्छेदन म्हणजे काय रे?"

"रोगट अवयव मुळापासून काढून टाकणं. गर्भाशय उच्छेदन, पित्ताशय..."

"पाठांतर नको. काढून दाखव."

हेरंबनं कोहळा चिरला. बियांचा गाभा अखंड बाहेर आला. आत कुठं ओरखडा नाही.

"झालं. साफ."

"गोदाक्कांना काय सांगशील?"

"काढून टाकलं. आता तिथं काही नाही."

आप्पांनी त्याच्या हातातली सुरी घेतली, पुसून डबीत ठेवली. "मग उद्या मीच करतो."

हेरंबचा चेहरा उतरला. "हात चुकला का, आप्पा?"

"हात नाही चुकला. उत्तर चुकलं."

वैजयंती खाली बसून बिया गोळा करू लागली. आई अशाच राखेत घोळून सुकवायची, पुढच्या वेलासाठी. खाटेवर पडल्या पडल्याही तिचं लक्ष सुपाकडे असायचं.

"आईचीही पिशवी काढली होती," ती बियांकडे बघतच म्हणाली. "घरी आल्यावर सारखी विचारायची, 'काढलं ते कुठं ठेवलं?' सगळे हसायचे."

हेरंब हसला नाही. "मग... काय सांगितलंत त्यांना?"

"कुणीच काही नाही."

आप्पांनी डबी हळूच हेरंबपुढे सरकवली.

"तूही हसलीस, पोरी?"

सासूबाईंनी दारात येऊन विचारलं. वैजयंतीनं त्यांच्याकडे पाहिलं.

"नाही. मी नऊ महिने राहिलेय ना तिथं."