खंडेनवमीचा थेंब

काळ कुठला म्हणाल, तर आपल्या आजोबांच्या आजोबांनाही आठवणार नाही इतका जुना. तेव्हा एका डोंगरमाथ्यावर एक नगर होतं. नगर देखणं, माणसं हौशी, पण वर विहीर म्हणून नाही. प्यायचं, धुण्याचं, गुरांचं, सगळं पाणी खालच्या नदीचं. ते वर चढवायला पायथ्याशी एक थोरलं पाणयंत्र होतं. बैल गोल फिरायचे, त्यांच्यासंगं एक पोलादी दांडा फिरायचा. तो दांडा दगडी भिंतीतून पाण्याच्या पेटीत जायचा आणि आतलं चाक पाणी नळातून वर ढकलायचं.

आता तुम्ही हुशार मंडळी, लगेच विचाराल की भिंतीला भोक पाडलं तर त्यातून पाणी बाहेर येणार नाही का? येणारच की! म्हणून तर दांड्याभोवती तागाची दोरी घालायची, मेणात आणि एरंडेलात मुरवलेली. तिच्यावर लोखंडी कडं, आणि कडं दाबून धरायला दोन बाजूंना दोन मळसूत्री खिळे. खिळे आवळले की दोरी दबते आणि फट बुजते. तरीही तिथून अधूनमधून एखादा थेंब पडायचाच.

हे यंत्र सांभाळायची गोजराबाई. यंत्राचा पाना तिच्या बापाकडून तिच्याकडे आलेला, आणि त्या नगरात पाना कमरेला असणं म्हणजे मोठा मान. बाई हाताची पक्की आणि जिभेची तिखट. यंत्र कुरकुरतंय असं कुणी म्हणालं, तर ती म्हणायची, "यंत्र नाही रे, तुझे कान कुरकुरतायत. तेल घाल त्यांत."

नगराची एक रीत होती. खंडेनवमीला राणीसाहेब खाली यायच्या आणि चालत्या यंत्राची पूजा व्हायची. दांड्याखालच्या फरशीवर बायका मोठी रांगोळी काढायच्या. रांगोळी कोरडी राहिली तर शुभ, भिजली तर अपशकुन. आणि मागल्या नवमीला नेमका थेंब पडला, तोही ऐन आरतीत! लोक कुजबुजले. नगराचा कारभारी सगळ्यांसमोर म्हणाला, "गोजराबाई, पुढच्या खेपेला रांगोळी भिजली, तर पाना दुसऱ्याच्या हाती जाईल."

हे बोलणं बाईच्या जिव्हारी लागलं. वर्षभर तिला त्या थेंबाचा राग येत राहिला. बापाचा पाना, आणि तो एका मेल्या थेंबापायी जायचा?

नवमी उजाडली. बायका रांगोळीला येण्याआधीच गोजराबाईनं पाना काढला. एक खिळा आवळला, दुसरा आवळला. मग पान्यावर सगळा भार टाकून, दात-ओठ खाऊन पुन्हा आवळले. थेंब थांबला. तिनं दांड्याखाली तळहात धरला, कोरडा ठणठणीत! "आता पडून दाखव," ती म्हणाली आणि तिनं बैल जुंपले.

त्या बैलांतला कवड्या म्हातारा होता, आणि त्या काळी बैल बोलत असत. थोडं चालून तो म्हणाला, "बाई, आज जड जातंय."

"सण म्हटला की तुझं अंग जड होतंच."

"अंग नाही, दांडा. काल सुरेख फिरत होता. आज कुणी धरून ठेवल्यासारखा वाटतोय. जरा हात लावून बघ तरी."

"तू शिकवणार मला? गपगुमान चाल!"

कवड्या बापडा चालत राहिला. बाईनं दांड्याला हात लावला नाही. खरं सांगू का? हात लावला तर काय कळेल, हे तिला आधीच ठाऊक होतं. म्हणूनच लावला नाही.

दिवस वर आला. ढोल वाजत राणीसाहेब आल्या. फरशीवर पिसारा फुलवलेला मोर काढला होता, त्याचा एक कणही ओला नव्हता. कारभाऱ्यानं मुद्दाम वाकून पाहिलं आणि मान डोलावली. "वा, गोजराबाई! याला म्हणतात काम." बाईचा ऊर भरून आला. आरती सुरू झाली.

आणि वास आला. लोकांना वाटलं, धूप असेल. पण जळक्या एरंडेलाचा वास गोजराबाईला कळणार नाही होय? ती कड्याजवळ सरकली तशी तोंडावर धग आली. कड्याच्या कडेनं धुराची बारीक रेघ निघत होती.

आरती संपायला फार वेळ नव्हता. तेवढं निभावलं असतं तर पानाही राहिला असता, मानही राहिला असता. पण दोरीचा कोळसा होत होता, आणि तो कोळसा दांडा खरवडणार होता. एकदा पोलादात खोल चर पडला, की नवी दोरी घाला नाहीतर सोन्याची तार घाला, दांडा ती कुरतडून टाकणार. नवा दांडा परमुलखातून यायचा. तोवर अख्खं नगर तहानेनं मेलं असतं. आणि भर पूजेत यंत्र थांबवणं? याहून मोठा अपशकुन त्या नगराला माहीतच नव्हता.

"थांबवा!" गोजराबाई ओरडली. तिनं स्वतःच कवड्याची वेसण धरली. यंत्र थांबलं, ढोल थांबले, आरतीही थांबली.

"काय केलंस हे?" कारभारी गरजला.

"दांडा जळतोय, राणीसाहेब," ती राणीकडे वळून म्हणाली. "आणि मीच जाळलाय. जो थेंब पडायचा, तोच दोरीला ओलं आणि दांड्याला गार ठेवायचा. हे मला ठाऊक होतं. पण पाना जाईल म्हणून मी आवळून आवळून त्याला कोंडलं." असं म्हणून तिनं कमरेचा पाना काढून पूजेच्या पाटावर ठेवला.

कारभाऱ्यानं हात पुढं केला. राणीनं त्याला थांबवलं. "पान्याचं मागाहून बघू. आधी सांगा, यंत्र चालू कोण करील?"

"मीच," गोजराबाई म्हणाली. "दुसऱ्या कुणाला इतक्यात जमायचं नाही."

कुणीतरी घागर घेऊन धावला. "ओतू नको!" ती खेकसली. "तापल्या पोलादावर गार पाणी? वाकेल तो!" दांडा आपसूक निवेपर्यंत तिनं सगळ्यांना ताटकळत उभं केलं, राणीलासुद्धा. मग पेटीतलं पाणी सोडून देऊन, कडं सोडवून तिनं जळक्या दोरीचा शेवटचा धागाही आकड्यानं ओढून काढला. दांड्यावर बारीक ओरखडे उठले होते. विटेची वस्त्रगाळ पूड तेलात कालवून, नख अडकेनासं होईपर्यंत तिनं ते घासले.

कारभाऱ्यानं काथ्याचा जाड दोर आणवला. "हा घाल. चांगला मजबूत आहे."

"म्हणूनच नको," ती म्हणाली. "तो दांड्याला कापेल. झिजायचं ते दोरीनं, दांड्यानं नव्हे. मऊ तागच आणा."

तिनं दांड्याभोवती एकेक वेढा बसेल असे तागाच्या दोरीचे तुकडे कापले आणि एरंडेलात बुडवून एकेक करून आत सारले. एकाचा जोड वर, तर पुढच्याचा खाली, म्हणजे पाण्याला सरळ वाट सापडायला नको. खिळे आधी नुसत्या बोटांनी फिरवले, थोडा हा, थोडा तो, कडं तिरकं होऊ न देता. यंत्र सुरू झालं तेव्हा पाणी भराभर ठिबकलं. तिनं पाटावरचा पाना उचलला, किंचित आवळलं आणि वाट पाहिली. पुन्हा किंचित आवळलं. ठिबक मंदावत गेली, आणि शेवटी सावकाश एकेक थेंब पडू लागला. तिथं तिनं हात आवरला.

थेंब बरोबर मोरावर पडत होते. पिसारा ओघळू लागला.

"अगं, अजून थोडं आवळ की!" कारभारी कळवळून म्हणाला. "पूर्ण बंद होत नाही का?"

"होतं की," गोजराबाई म्हणाली. "आज सकाळीच केलं होतं."

राणी मोठ्यानं हसली, आणि तिच्यामागून सगळं नगर हसलं. हसू ओसरल्यावर राणी म्हणाली, "चूक मोठी केलीस, गोजराबाई. पण सगळ्यांदेखत यंत्र थांबवायला छाती लागते. पाना तुझ्याकडेच राहील. आणि थेंबाला अपशकुन म्हणणं आजपासून बंद."

तेवढ्यात वरून आरोळी आली, "पाणी आलं!"

शिक्षा मात्र बाईला मिळाली, ती दांड्यानंच दिली. ओरखड्यांची खरखर पुरती कधीच गेली नाही. एरवी दोरी वर्षभर टिकायची, ती आता लवकर झिजू लागली. दरवेळी गोजराबाई भिंतीशी बसून नवी दोरी भरायची आणि शिकायला आलेल्या प्रत्येकाला आधी ते ओरखडे दाखवायची. "हे माझे," ती म्हणायची, "तुझे होऊ देऊ नकोस."

तात्पर्य : नाव राखायला जो गरजेपेक्षा जास्त आवळतो, तो जे राखायचं तेच जाळून बसतो.